जुन्या गाडीचा गंजलेला तळ आणि आतील भाग कसा दुरुस्त करावा

जुन्या गाडीचा तळ खालून गंजतो, असा सर्वसाधारण समज आहे, कारण गंज नजरेस पडतो तो गाडी लिफ्टवर चढवल्यानंतर, खालच्या बाजूने. गोव्यातील बहुतेक जुन्या गाड्यांत मात्र पत्रा वरून, म्हणजे गालिच्याखालून, सडत आलेला असतो. पावसाळ्यात आत शिरलेले पाणी गालिच्याखालच्या फेल्टमध्ये मुरते, ओले फेल्ट पत्र्यावर चिकटवलेल्या डांबरी शीटला चिकटून बसते आणि त्या दोन थरांमध्ये कोंडलेली ओल ऑक्टोबरच्या कडक उन्हातही बाहेर पडत नाही. म्हणून आधी पाण्याची वाट शोधावी, मग पत्रा कापावा आणि शेवटी तळ पुन्हा कधी ओला झालाच तर तो सुकू शकेल अशी व्यवस्था करावी. हा क्रम उलटा केला तर नवा पत्राही जुन्याच्याच मार्गाने जातो आणि वेल्डिंगवर केलेला खर्च पाण्यात जातो.

पद्मिनी, अँबॅसडर आणि मारुती ८०० या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नसते. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ रनिंग बोर्ड, आडवे मेंबर आणि वरचा सांगाडा यांच्या एकत्र जोडणीतूनच गाडीला ताकद येते. त्यामुळे तळाला पडलेले भोक हा दिसण्याचा प्रश्न उरत नाही. सीटचे बोल्ट, सीटबेल्टचे खालचे हुक आणि जॅक लावण्याच्या जागा याच पत्र्याच्या आधारावर असतात. विलीज जीप किंवा जिप्सी यांची चासी वेगळी असल्याने त्यांचे तळाचे काम तुलनेने निवांतपणे करता येते आणि फोक्सवॅगन बीटलची वरची बॉडी तर बोल्ट काढून तळापासून वेगळी उचलता येते. पुढील सूचना मुख्यतः पहिल्या प्रकारच्या गाड्यांसाठी आहेत.

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत शिकवलेले असते. मिठाचे कार्य मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. शिवाय मीठ हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे हाताला कोरडा लागणारा पत्राही प्रत्यक्षात ओलसर राहतो. समुद्रावरून येणारी खारी हवा सर्वांच्या लक्षात असते, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून डिकीत टाकून आणलेल्या नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, पिशवीतून जे खारट पाणी गळते, ते कोणी मनावर घेत नाही. माझ्या पाहण्यातील डिकीचे सर्वांत वाईट तळ मासळी आवडीने खाणाऱ्या घरांतील गाड्यांचे होते. किनाऱ्यालगतच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने गाडी धुणे आणि भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्यावरील पाण्यातून चाके नेणे, हीदेखील त्याच जातीची कारणे आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात मिठाऐवजी खनिजाची बारीक लाल धूळ पोकळ भागांत साचते, पावसात तिचा चिखल होतो आणि तो महिनोन्‌महिने ओला राहतो.

कामाचा हंगाम निवडताना भावनेला थोडे आवरावे लागते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गाडी दारात उभी राहावी म्हणून जून-जुलैत पत्रा उघडा करणारे पुष्कळ आहेत, पण त्या दिवसांत घासून चकाकलेल्या लोखंडावर काही तासांतच तांबूस छटा येते. दिवाळीनंतर काम हाती घ्यावे आणि शिगमोपर्यंत (होळीच्या सुमारापर्यंत) रंगाचे शेवटचे हात उरकावेत. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक नसेल, तर प्रायमर मारू नये. थंडीच्या दिवसांत सकाळी पत्र्यावर दव असते, म्हणून रंगकाम साधारण दहानंतर सुरू करणे चांगले.

हत्यार हाती घेण्यापूर्वी कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची व्यवस्था लावावी. चासी क्रमांक कोठे ठोकलेला आहे हे आरसी बुकाशी ताडून पाहावे आणि त्या जागेवर ग्राइंडर चालणार नाही अशी खूण मिस्त्रीसमोरच करून ठेवावी. क्रमांक पुसला गेला तर नोंदणीच्या नूतनीकरणात गाडी अडकून पडते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र ती मूळ रूपात असावी आणि चासीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. म्हणून पत्रा बदलताना मूळचाच आकार, मूळच्याच पन्हळी आणि मूळचीच भोके ठेवावीत, आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढावीत.

पाण्याची वाट

सीट, गालिचा, फेल्ट आणि दारांचे आतील पॅनेल काढल्यावर तळ कोरडा करून घ्यावा. गंजून बसलेल्या सीटबोल्टांवर जोर करू नये, कारण डोके तुटले तर खाली वेल्ड केलेली चाकीही (नट) फिरू लागते. आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे सैल, थोडे घट्ट असे फिरवत बोल्ट काढावेत. निघालेले बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून त्यावर जागेचे नाव लिहावे.

नंतर एका माणसाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. नळी खालून वर न्यावी आणि प्रत्येक जागी पाच-सात मिनिटे थांबावे. सुरुवातीलाच टपावर पाणी ओतले तर ते सगळीकडून वाहते आणि गळती नेमकी कोठे आहे हे कळत नाही. आतील पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरून ठेवली की पाण्याचा बारीक ओघळही स्पष्ट उमटतो. समोरच्या काचेचे रबर, पाठीमागच्या दिव्यांची गास्केटे, डिकीचे रबर आणि वायर किंवा केबल जिथून इंजिनाकडे जाते तेथील रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली रिंग), ही नेहमीची ठिकाणे आहेत. बोनेटच्या मागे, काचेच्या पायथ्याशी असलेली हवेची खोबण विशेष काळजीने तपासावी. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या खोबणीत पाने कुजून त्यांचा काळा, चिकट लगदा होतो, तो निचऱ्याच्या भोकावर घट्ट बसतो आणि वर साचलेले पाणी डॅशबोर्डमागून पायांच्या जागेत उतरते. बोटे घालून हा लगदा काढताना ओंजळभर माती निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नये.

दारांत पाणी येणे स्वाभाविक आहे. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच दाराची रचना असते. ती भोके बुजलेली असतील, किंवा आतील पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटून गेला असेल, तर पाणी आत उतरते. नंतर बसवलेल्या एसीच्या गाड्यांत तर डाव्या बाजूचा तळ हमखास ओला असतो, कारण कूलिंग कॉइलच्या पाण्याची नळी निसटलेली असते किंवा बुजलेली असते. हे पाणी पावसाचे नसल्याने भर उन्हाळ्यातही ते गालिच्यात मुरत राहते. उजवीकडे, पेडलांजवळ ओल असेल तर तिचा वास घ्यावा आणि बोटाने स्पर्श करून पाहावा. ती तेलकट लागली तर ब्रेक किंवा क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत आहे असे समजावे. ते रंग उचकटून टाकते, म्हणून सिलिंडर आधी दुरुस्त करून घ्यावा.

गंजाची पारख

डांबरी शीट हॉट एअर गनने मऊ करून खरवडणीने काढावी. उरलेला डाग केरोसीनच्या फडक्याने पुसावा, मात्र गनचे काम संपल्यावरच. शीटची एक कड उचलल्यावर तिच्या पाठीला तपकिरी पापुद्रे चिकटून येतात, आणि वरून अखंड वाटणारा तळ प्रत्यक्षात चाळणीसारखा झालेला असतो. आता बोथट पेचकस घेऊन सगळा तळ वीतभर अंतरावर टोचत जावे आणि हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो, आणि पेचकस आत गेला तर पुढे विचार करण्याचे कारण राहत नाही.

वरवरचा गंज वायर ब्रशने निघतो. खड्डे पडलेला पण भक्कम पत्रा घासून, गंजावर प्रक्रिया करून वाचवता येतो. जेथे जाडी निम्म्यावर आली आहे किंवा भोक पडले आहे तेथे पत्रा बदलणे हाच उपाय आहे. फायबरग्लासचे ठिगळ, पुट्टी, किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यावर डांबर फासणे, हे सर्व प्रकार विकायच्या गाडीत सर्रास आढळतात. हातोडीच्या दोन ठोक्यांत ते उघडे पडतात, पण तोवर गाडी विकत घेणाऱ्याचे पैसे गेलेले असतात. रनिंग बोर्ड, आडवे मेंबर, सस्पेन्शनचे आधार आणि बेल्टच्या हुकांची जागा सडलेली असेल तर ते काम अनुभवी पत्राकाम करणाऱ्याकडेच द्यावे. घरच्या घरी शिकण्यासाठी सपाट तळ पुरेसा आहे.

कापणे आणि जोडणे

गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी करावी. आपल्याकडे चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, एकावर एक रचून त्यावर गाडी टेकवण्याची सवय आहे, ती येथे जिवावर बेतू शकते, कारण चिरा ठिसूळ असतो आणि एकाच जागी भार आला की कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो. बॅटरी सोडवून बाहेर काढावी, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवावी आणि तळाखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या तसेच वायरिंग बाजूला करावे. ग्राइंडर चालवताना गॉगल, मास्क आणि हातमोजे घालावेत. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे ती धूळ अंगणात उडू देऊ नये. वेल्डिंगच्या वेळी अग्निशामक आणि पाण्याची बादली जवळ असावी, आणि काम थांबल्यावरही अर्धा तास गाडीजवळून हलू नये, कारण आतील उरल्यासुरल्या फेल्टमध्ये ठिणगी धुमसत राहते.

मोठा तुकडा कापायचा असेल, किंवा रनिंग बोर्डाला हात लागणार असेल, तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइपचा तात्पुरता आधार जोडून घ्यावा आणि दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. आधार न देता कापले तर सांगाडा किंचित बसतो, आणि नंतर दार लागत नाही म्हणून बिजागऱ्यांना दोष दिला जातो. दोन्ही बाजूंचा तळ एकाच वेळी कापू नये.

कापण्याची रेषा गंजाच्या कडेवर न आखता तिच्यापलीकडे दोन-तीन सेंटिमीटर, चकाकणाऱ्या पत्र्यात आखावी आणि कोपरे गोल ठेवावेत. जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो जागेवर बसवून, मगच पत्र्यावर खुणा कराव्यात. १ ते १.२ मिलिमीटर जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे मुलामा नसलेला साधा) पत्रा या कामाला योग्य असतो. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा गंजत नाही म्हणून तोच लावावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो, परंतु वेल्डिंग करताना जळणाऱ्या जस्ताच्या धुराने अंगात ताप भरतो आणि जोडही सच्छिद्र राहतो. मूळ तळावर ज्या पन्हळी असतात त्या शोभेसाठी नसून पत्र्याला ताठपणा यावा म्हणून असतात; त्या न घडवता सपाट तुकडा लावला तर गाडी चालताना तळ पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. चांगला डेंटर लाकडी ठोकळ्यावर हातोडीने त्या बऱ्यापैकी उठवून देतो.

नवा तुकडा कडेला १२ ते १५ मिलिमीटर जुन्या पत्र्यावर चढवावा. एकमेकांवर येणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवर वेल्डिंग सोसणारा जस्तयुक्त प्रायमर मारावा, कारण ती जागा नंतर कधीही रंगवता येत नाही. जोडासाठी ०.८ मिलिमीटर तारेचे सीओटू (मिग) वेल्डिंग उत्तम. साध्या आर्क वेल्डिंगच्या रॉडने एवढा पातळ पत्रा जळून भोके पडतात आणि गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने तो वेडावाकडा होतो. प्रथम चार कोपऱ्यांत टाके घालावेत, मग समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून तीन-चार सेंटिमीटर अंतरावर टाके घालत जावे, आणि पत्रा हाताला सोसेल इतका थंड झाल्यावरच मधल्या जागा भराव्यात. किनारपट्टीवर दुपारी वारा सुटला की तो वेल्डिंगचा संरक्षक वायू उडवून नेतो आणि जोडात बुडबुडे राहतात; त्यासाठी ताडपत्रीचा आडोसा करावा. कारखान्यातील मूळ ठिपक्यांचे वेल्ड जेथे ड्रिलने काढले असतील तेथे नव्या पत्र्यात ६ ते ८ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डने भरावीत. शेवटी जोड घासून सारखा करावा, मात्र आरशासारखा सपाट करण्याच्या नादात तो पातळ करू नये.

मीठ धुणे, मग रंग

सर्वाधिक घाई होते ती या टप्प्यावर. घासलेल्या पत्र्याच्या खड्ड्यांत मीठ दडलेले असते आणि त्यावर कितीही महाग रंग दिला तरी आतून फोड येतात. म्हणून वेल्डिंग संपल्यावर सगळा तळ नळाच्या गोड्या पाण्याने, शक्य तर कोमट, ब्रशने घासून धुवावा, पाणी टिपून घ्यावे आणि लगेच हॉट एअर गनने किंवा उन्हात सुकवावा. यामुळे पत्र्यावर हलकी तांबूस झाक आली तरी ती पुन्हा घासता येते; दडलेले मीठ नंतर काढता येत नाही.

खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लावर आधारित रस्ट कन्व्हर्टर मिळतो. तो गंजाशी संयोग पावून टिकाऊ थर बनवतो, त्यामुळे चकाकणाऱ्या पत्र्यावर तो फासून काही उपयोग नाही. फॉस्फोरिक आम्लाचा उरलेला अंश डब्यावरील सूचनेप्रमाणे धुतला नाही तर वरचा एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. बिजागऱ्या, कंस, सीटच्या पट्ट्या असे सुटे लहान भाग मात्र काकवीच्या पाण्यात, एक भाग काकवीला नऊ भाग पाणी या प्रमाणात, एक-दोन आठवडे बुडवून ठेवले तर गंज आपोआप सुटतो. वास उग्र येतो आणि मुंग्याही येतात, म्हणून बादली घरापासून दूर, झाकून ठेवावी. माडाच्या शिरक्यानेही (व्हिनेगरनेही) गंज निघतो, पण नंतर सोड्याच्या पाण्याने आम्ल मारणे विसरता कामा नये, अन्यथा धुऊन ठेवलेला भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळा पडतो.

उघड्या पत्र्यावर दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी द्यावा. स्वस्त रेड ऑक्साइडवर अनेकांचा विश्वास आहे. त्याचा थर सच्छिद्र असतो आणि वर रंग न चढवता ठेवला तर तो ओल शोषतो, त्यामुळे किनारपट्टीसाठी तो एकटा पुरेसा नाही. प्रायमर सुकल्यावर प्रत्येक जोडावर, आतून आणि खालून, पॉलियुरेथेन सीलंट भरावे आणि त्यानंतर रंगाचे दोन हात द्यावेत. रंगाच्या आधी निचऱ्याच्या प्रत्येक भोकात काडी खोचून ठेवावी, म्हणजे ती बुजणार नाहीत. खालच्या बाजूला मेणयुक्त लवचिक थर चांगला. कडक डांबरी थर काही काळाने तडकतो, तडकलेल्या जागी पाणी आत शिरते आणि वरून काही दिसत नाही. जळके इंजिन ऑइल फवारण्याची जुनी रीत आता सोडून द्यावी, कारण ते रबरी बुश खराब करते आणि पहिल्या पावसात अंगणात व विहिरीकडे वाहत जाते. रनिंग बोर्डाच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारावे आणि ते खालच्या भोकांतून ठिबकू लागेपर्यंत थांबू नये.

आतील भाग

सीटचा सांगाडा आणि स्प्रिंगा यांना तळाचीच रीत लावावी. जुन्या सीटमध्ये भरलेला काथ्या किंवा फोम ओला होऊन बुरशी धरलेला असेल तर तो वाळवून पुन्हा भरण्यात अर्थ नाही. वास जात नाही आणि बुरशी परत येते. कुशनवाल्याला रेक्झीनची जुनी खोळ न फाडता शिवण उसवून द्यायला सांगावे, म्हणजे ती नमुना म्हणून वापरता येते. सीटबेल्टचा पट्टा सौम्य साबणाने धुवावा, त्याला ब्लीच लावू नये, आणि धागे सुटलेले असतील तर पट्टा बदलावा. दारांचे हार्डबोर्ड फुगलेले असल्यास त्याच मापाचा प्लॅस्टिक शीटचा तुकडा कापून त्यावर रेक्झीन चढवावे, आणि मागचा प्लॅस्टिकचा पडदा नव्याने चिकटवल्याशिवाय पॅनेल बसवू नये. टपाच्या अस्तरावरचे काळे ठिपके साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसून दारे उघडी ठेवून सुकवावेत. अस्तर भिजवले तर ते लोंबते.

आवाज कमी व्हावा म्हणून संपूर्ण तळावर ब्युटिल शीट चिकटवण्याचे वेड सध्या फार आहे. पत्र्याच्या मोठ्या सपाट भागांवर मधोमध एकेक तुकडा लावला तरी थरथर थांबते. सगळा तळ झाकला तर नव्या गंजावर पांघरूण घातल्यासारखे होते. फेल्ट आणि ज्यूट टाळून पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम वापरावा आणि तोही चिकटवू नये. गालिचा दाबबटणांवर बसवावा, म्हणजे तो मिनिटभरात उचलता येतो.

सीट बसवताना बोल्टांना ग्रीस लावून ते उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कने आवळावेत. गालिचा मात्र लगेच अंथरू नये. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींपासून पुढचा पावसाळाभर गाडी सुट्या रबरी मॅटवर चालवावी, प्रत्येक मोठ्या पावसानंतर मॅट उचलून पत्रा हाताने चाचपावा, आणि ओल आढळली तर तेथेच पुन्हा पावडर भुरभुरून नळी लावावी. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये निचऱ्याची सगळी भोके तारेने मोकळी करावीत. पावसाळा संपेपर्यंत चारही पायांच्या जागा कोरड्या राहिल्या असतील, तर ऑक्टोबरमध्ये गालिचा बसवायला हरकत नाही.